टेलची खोली

आमच्या घरात इंटरनेटच्या दोन तऱ्हा आहेत. खाली हॉलमध्ये टीव्हीशेजारी राउटर आहे, तिथं सगळ्यांचे फोन मजेत चालतात. वर गच्चीवरच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे, त्याला वायरीतून जेवढं चढेल तेवढं. तो जुना, सुटे भाग आणून जोडलेला डबा आहे. त्यात वायफायचं कार्ड नाही, आणि घातलं तरी स्लॅब आणि जिन्याची भिंत ओलांडून वायफाय वर लंगडतच येणार. म्हणून मी पाच-सहा वर्षांपूर्वी राउटरपासून एक वायर काढली. हॉलच्या खिडकीतून बाहेर, पावसाच्या पाइपाला धरून भिंतीवर, कठड्यावरून आत, थेट माझ्या टेबलाखाली. लग्नपत्रिका, स्मरणिका, शाळांचे वार्षिक अंक असलं अक्षरजुळणीचं काम मी त्या खोलीत करतो आणि तयार फायली संभाजीनगरच्या छापखान्याला पाठवतो.

वडील या खोलीला 'टेल' म्हणतात.

अण्णा पाटबंधारे खात्यात पाटकरी, म्हणजे कालव्याचं पाणी रानोरान वाटून देणारे, होते. जायकवाडीच्या धरणाचं उद्घाटन १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते झालं, त्यानंतर दोन वर्षांनी ते खात्यात चिकटले आणि निवृत्त होईपर्यंत डाव्या कालव्याच्या चाऱ्यांवरून सायकल हाणत राहिले. पैठणहून निघालेला हा कालवा २०८ किलोमीटरचा. वरच्या अंगाला ज्याचं रान तो 'हेड'चा, खालच्या अंगाला ज्याचं रान तो 'टेल'चा. हे दोन शब्द परभणी-मानवतकडच्या शेतकऱ्याला कुणी इंग्रजी म्हणून शिकवले नाहीत. हेडवाल्याचा ऊस डोलतो आणि टेलवाला बांधावर बसून रिकाम्या चारीकडं बघतो, एवढ्यात त्यांचा अर्थ आला. अण्णांच्या तोंडी तर ते सगळीकडं. पंगतीत शेवटी बसलेल्या पाहुण्याच्या पानात वरण पातळ पडलं की हे हळूच म्हणणार, "टेल हाय ते."

मृग कोरडा गेला होता. आर्द्राचा पाऊस लागला त्याच आठवड्यात एका सकाळी कॉम्प्युटर उघडला तर खालच्या कोपऱ्यात पिवळा त्रिकोण. नेट नाही. खाली जाऊन पाहिलं तर फोनवर सगळं व्यवस्थित. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. वायर काढून परत खोचली. काढून फुंकर मारली आणि परत खोचली. (ही फुंकर मारायची सवय कॅसेटच्या काळातली असावी. तिचा उपयोग झालेला मी तरी पाहिला नाही, पण हात आपोआप तोंडाशी जातो.) शेवटी कंपनीला फोन लावला. तिथल्या मुलीनं तक्रार नोंदवून घेतली. थोड्या वेळानं लाईनवरच्या पोराचा फोन आला, "काका, आमच्याकडून क्लिअर आहे."

दुपारी बाराच्या सुमाराला नेट आपोआप आलं. मी मनातल्या मनात म्हटलं, बघा, तक्रार केल्याशिवाय हलत नाहीत हे लोक.

दुसऱ्या दिवशी सकाळी परत तेच. परत फोन, परत "आमच्याकडून क्लिअर", आणि दुपारी परत नेट हजर. आता माझी खात्री पटली की मी ओरडलो की कुणीतरी तिकडं कळ दाबतंय. तिसऱ्या दिवशी मात्र शाळेच्या अंकाची चौसष्ट पानं सकाळीच पाठवायची होती. फोन यूएसबीच्या वायरीनं कॉम्प्युटरला जोडून काम भागवलं, पण डोकं फिरलं होतं. ते फिरल्यावर माणूस जे करतो ते मी केलं. बायकोची सेफ्टी पिन घेतली आणि राउटरच्या पाठीमागं बारीक भोक असतं त्यात खुपसून धरली.

रिस्टार्ट आणि रिसेट यांत काय फरक आहे हे मला त्या दिवशी कळलं. रिस्टार्ट म्हणजे माणसानं झोप काढून उठणं. रिसेट म्हणजे उठल्यावर त्याला स्वतःचं नावसुद्धा न आठवणं. राउटर कंपनीकडं आपली ओळख एका यूजर आयडीनं आणि पासवर्डनं सांगतो, तेव्हा त्याला पलीकडून नेट मिळतं. हे दोन्ही त्याच्या पोटात साठवलेलं असतं आणि पिन टोचून धरली की ते पुसलं जातं. वायफायचं नाव गेलं, त्या जागी कारखान्यातलं आकड्यांचं नाव आलं. घरातले चारही फोन एकदम मुके झाले.

बायको स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. "अहो, बिघडलं होतं ते वरचं ना? मग खालचं कशाला बंद केलंत?"

या प्रश्नाला उत्तर नव्हतं. आजही नाही. आयडी-पासवर्ड कुठल्याशा पावतीवर लिहिलेला होता, ती पावती कुठल्याशा डब्यात होती. संध्याकाळी लाईनवरचा पोरगा आला. त्यानं पाच मिनिटांत सगळं भरून दिलं आणि जाताना अदबीनं म्हणाला, "काका, ते बटण दाबत नका जाऊ."

पोराचं 'क्लिअर' खरंच होतं. खाली फोन चालत होते याचा अर्थ कंपनीपासून राउटरपर्यंत सगळं ठीक होतं. पैठणपासून आमच्या गल्लीपर्यंत कालवा भरून वाहत होता आणि मी रोज पैठणला शिव्या देत होतो.

रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो यातलाच आहे. त्यानं विचारलं, "मामा, तुमच्या कॉम्प्युटरचा पत्ता काय दिसतोय?" त्या दिवशी पाऊस दुपारपासून लागून राहिला होता, त्यामुळं नेट तेव्हाही गेलेलंच होतं. त्याच्या सांगण्यावरून काळी खिडकी उघडून 'आयपीकॉन्फिग' टाइप केलं. आकडा आला १६९.२५४ असा सुरू होणारा.

"हां, म्हणजे तुम्ही राउटरपर्यंतसुद्धा पोचलेले नाहीत."

मग त्यानं समजावलं ते मला आवडलं. कॉम्प्युटर चालू झाला की वायरीत ओरडून विचारतो, इथं नंबर वाटणारं कुणी आहे का? राउटर ऐकतो आणि नंबर देतो, बहुतेक घरांत १९२.१६८ नं सुरू होणारा. खासगी वापरासाठी हे आकडे नव्वदच्या दशकापासून राखून ठेवलेले आहेत. जगातल्या लाखो घरांत तेच आकडे, प्रत्येक वाड्यात एक माजघर असावं तसे. पण ओरडूनही कुणी ओ दिली नाही, तर कॉम्प्युटर बिचारा स्वतःच स्वतःला १६९.२५४ चा नंबर देऊन बसतो. बँकेत टोकन देणारा शिपाई जागेवर नसला की एखादा माणूस आपणच चिठ्ठीवर आकडा लिहून बाकावर बसतो ना, तसा. पुकारा काही होत नाही.

"आता पिंग करा," तो म्हणाला.

पिंग हा प्रकार मला नावानं ठाऊक होता. एक छोटा निरोप पाठवायचा आणि समोरून तो परत येतो का, किती वेळात येतो ते बघायचं. १९८३ च्या डिसेंबरात माइक म्यूस नावाच्या अमेरिकन माणसानं तो लिहिला आणि पाणबुडीच्या सोनारच्या आवाजावरून नाव ठेवलं. आपल्याकडं पाणबुडी नाही, पण हाळी आहे. या रानातून त्या रानात हाळी द्यायची आणि तिकडून "ओऽऽ" आली की समजायचं, माणूस जागेवर आहे. आधी १२७.०.०.१ ला, म्हणजे स्वतःलाच हाळी. चार वेळा ओ आली, चिमटा काढून बघितल्यासारखं. म्हणजे कॉम्प्युटरचं घर शाबूत. मग राउटरला हाळी. काही नाही. त्यापुढचं ८.८.८.८, गुगलचा तो प्रसिद्ध नंबर, करून बघण्यातही अर्थ नव्हता. शेजारच्या रानातून ओ येत नसताना तालुक्याला हाळी कोण देतं?

"कॉम्प्युटर खाली नेऊन छोट्या वायरीनं डायरेक्ट राउटरला जोडून बघा," भाचा म्हणाला. "चाललं तर दोषी एकच उरतो."

सकाळी मी डबा, मॉनिटर, कीबोर्ड असं सगळं तीन खेपांत जिन्यावरून खाली आणलं. राउटरच्या खोक्यात एक हातभर पिवळी वायर आली होती, ती लावली. भोकाशेजारचा हिरवा दिवा लागला, नारिंगी लुकलुकायला लागला, नंबर आला, नेट आलं. हॉलमध्ये पेपर वाचत बसलेल्या अण्णांनी चष्म्यावरून बघितलं.

"काय करायलास?"

"वर नेट येत नाही अण्णा. चार दिवस झाले."

"दिवसभर येत नाही?"

"नाही. सकाळी जातं. दुपारी येतं."

त्यांनी पेपर मिटला. अण्णांचं वय अठ्ठ्याहत्तर. फोन त्यांना फक्त बोलण्यापुरता येतो. पण पेपर मिटण्याची ती पद्धत मला लहानपणापासून माहीत आहे. "टेलला पाणी नाही" म्हणून कुणी शेतकरी दारात आला की ते जेवणाचं ताट असं बाजूला सारायचे.

"आणि काल?"

"काल दुपारी आलंच नाही. रात्री पण नव्हतं."

"काल दुपारी पाऊस होता." थोडं थांबून म्हणाले, "मग तुही वायर तुटलेली नाही. तुटली असती तर दुपारीबी तुटलेलीच राहिली असती. कुठंतरी ओल धरायलीय."

हे वाक्य चार दिवसांत कंपनीच्या मुलीला, लाईनवरच्या पोराला, भाच्याला किंवा मला सुचलं नव्हतं. सगळ्यांनी विचारलं होतं, काय बंद आहे? कधी बंद आहे, हे कुणी विचारलं नाही.

त्यांची कामाची एक रीत होती. तक्रार आली की नवे साहेब लोक जीप घेऊन वरच्या दारांकडं धावत. अण्णा सायकल घेऊन उलट टेलला जात. तक्रार करणाऱ्याच्याच रानातून सुरुवात करायची. निम्म्या वेळा त्याचीच पोटचारी गवतानं बुजलेली असे. नसेल तर चारीच्या तळाला हात लावत वर वर चालायचं. खेकड्यानं पाडलेलं भोक सापडे, कुणी रात्री फोडलेली चारी सापडे. शेवटची कोरडी जागा आणि पहिली ओली जागा यांच्या मध्येच भानगड असते, असं ते सांगत. लहानपणी मी त्यांच्या मागं कॅरिअरवर बसून हे पाहिलं आहे, आणि तरी पन्नाशीला आल्यावर राउटरला पिन टोचली.

मी वर गेलो आणि माझ्या टेबलाखालून वायरीला बोट लावत निघालो. खिडकीची चौकट ठीक. कठडा ठीक. कठड्याच्या खाली, पाइपाच्या आडोशाला, काळ्या टेपचं एक गाठोडं होतं.

आणि मग आठवलं. वायर काढली तेव्हा पंधरा मीटरची तयार वायर आणली होती आणि ती पुरली नव्हती. घरात एक सात-आठ मीटरचा उरलेला तुकडा होता. दोन्ही तोंडं एका प्लास्टिकच्या कपलरमध्ये खोचून, वरून टेप गुंडाळून मी तो जोड भिंतीला बांधला होता. पाऊस पडणाऱ्या बाजूच्या भिंतीला. त्या वेळी स्वतःच्या हुशारीचं कौतुकही वाटलं होतं.

टेप उकलताना हाताला डिंकासारखी चिकटली. आत मुंग्यांनी संसार मांडला होता, पांढऱ्या अंड्यांसकट. कपलर हलवला तर आतून पाण्याचा एक थेंब माझ्या मनगटावर पडला. प्लग बाहेर ओढून उजेडात धरला. त्याच्या तोंडाशी आठ बारीक पट्ट्या असतात, सोन्याचं पाणी दिलेल्या. त्यातल्या तीन-चार हिरव्या पडल्या होत्या. पितळेच्या भांड्यात ताक राहिलं की कडेला जो हिरवा कळंक चढतो, तोच. रात्रीच्या पावसात तिथं पाणी साचायचं, पट्ट्या आपसांत बोलायला लागायच्या आणि मूळ निरोप हरवायचा. उन्हं भिंतीवर आली की ते वाळायचं आणि बाराच्या ठोक्याला मला वाटायचं, कंपनीनं कळ दाबली.

जन्मभर पाणी पोचवणाऱ्या माणसानं शेवटी पाणी जिथं पोचायला नको तिथलं शोधून दिलं. अण्णांना हे म्हणून दाखवलं नाही. ते म्हणाले असते, जास्त शहाणपणा करू नको, वायर आण.

बाजारातल्या सीसीटीव्हीच्या दुकानात गेलो. तीस मीटर अखंड मागितली. काउंटरवरच्या पोरानं दोन रिळं दाखवली, एक स्वस्त, एक महाग, दोन्हींवर वायरीचा दर्जा तोच छापलेला, कॅट फाइव्ह ई. स्वस्त का, तर ब्लेडनं एक तार खरवडून त्यानं दाखवली. वरून तांबूस, आत चंदेरी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा. "घरात चालून जाईल, बाहेर टाकायची असेल तर ही घ्या," असं म्हणून त्यानं महागडी पुढं केली. विकणारा असून खरं बोलला. जुनी वायर घरी येऊन खरवडली, तीही आतून चंदेरीच निघाली. मी तांब्याचीच घेतली, दहा प्लग घेतले, आणि प्लग बसवायची पकड संध्याकाळपुरती उसनी मागून आणली.

वायर सोलली की आत चार रंगीत जोड्या दिसतात, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पीळ घातलेली आणि प्रत्येकीचा पीळ वेगळा, कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. शेजारून जाणाऱ्या विजेचा किंवा शेजारच्या जोडीचा जो गोंगाट येतो तो दोन्ही तारांवर सारखाच येतो, आणि पलीकडच्या टोकाला दोघींतला फरक तेवढा वाचतात, म्हणून गोंगाट वजा होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण आपण माणसाच्या ताठ्यासाठी वापरतो. इथं पीळ आहे म्हणूनच काम चालतं. तो गरजेपेक्षा जास्त उकलायचा नाही, अगदी प्लगच्या तोंडापर्यंत ठेवायचा.

क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्या जोडप्याच्या मध्ये निळं जोडपं का घुसवलंय हे मला खटकत होतं. भाचा म्हणाला, टेलिफोनची जोडी नेहमी मधोमध असायची, ती जागा तशीच ठेवली. फोनची वायर घरातून जाऊन किती वर्षं झाली, पण तिची खुर्ची अजून रिकामी ठेवलेली आहे. नावाचं तर आणखी मजेशीर. रॉबर्ट मेटकाफनं १९७३ च्या मे महिन्यात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत या प्रकाराचा पहिला आराखडा लिहिला आणि त्याला 'इथरनेट' म्हटलं, प्रकाश ज्यातून वाहतो असं पूर्वी मानत त्या ईथरवरून. तसलं काही नसतं हे शास्त्रज्ञांना कधीचंच कळून चुकलं होतं. नसलेल्या गोष्टीचं नाव घेऊन ही वायर जगभर पसरली.

आठ तारा अंगठ्याखाली सपाट धरून, एका रेषेत कापून, क्रम न बिघडवता प्लगमध्ये सारणं हे बोलायला सोपं आहे. माझ्या चष्म्याचा नंबर आणि तपकिरी-नारिंगीतला फरक यांचं काही जमत नव्हतं. पहिला प्लग वाया गेला. दुसऱ्यात हिरवा आणि निळा अदलाबदल झाले. तिसऱ्याला बायकोनं वरून मोबाइलचा टॉर्च धरला आणि रंग मोठ्यानं वाचले. पकड दाबल्यावर 'कट्' असा जो आवाज आला त्यात फार समाधान होतं.

वायर टाकताना अण्णा खाली अंगणात खुर्ची टाकून बसले होते. मी खिडकीतून ती सरळ आत घ्यायला लागलो तर ओरडले, "आरं, झोळ दे!"

"कशाला?"

"पाणी वायरीवरून घरंगळत येतंय. झोळ दिलास तर तिथं खाली थेंब पडंल. सरळ ओढलीस तर तुह्या टेबलावर पडंल."

खिडकीबाहेर वितभर झोळ दिला. नंतर शोधलं तर बाहेरून आत येणाऱ्या वायरीला असा झोळ देतातच म्हणे. अण्णांना ते कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी पाण्याचं वागणं बघितलेलं होतं, वायरीचं नाही.

दिवा लागला. नंबर १९२.१६८ चा आला. राउटरला हाळी दिली, एक मिलिसेकंदाच्या आत ओ. ८.८.८.८ ला दिली, तिकडूनही आली. त्या रात्री चांगला दणकून पाऊस झाला. सकाळी खोलीचं दार उघडल्याबरोबर मी टेबलाखाली बघितलं. हिरवा दिवा लागलेला होता.

एक गोष्ट तेवढी राहिली. वेग बघितला तर हजार मेगाबिटची वायर शंभरच दाखवत होती. भाचा म्हणाला, "मामा, निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एखादी तार नीट बसलेली नाही. शंभरला नारिंगी आणि हिरवी अशा दोनच जोड्या लागतात, हजाराला चारही लागतात. प्लग परत मारा." पण पकड दुकानात परत गेली होती आणि माझ्या बोटांना परत तेच करायची इच्छा नव्हती. तरी चुटपुट लागलीच. जेवताना अण्णांना सांगितलं, अण्णा, हजारची वायर आहे पण शंभरच यायलंय.

त्यांनी भाकरी मोडली. "वरून किती सोडायलेत?"

"आपला प्लॅन पन्नासचा आहे."

"मग शंभरची चारी पुरती की," म्हणाले आणि ठेच्याची वाटी पुढं ओढली.